सव्वा एकर रान

आमच्या घरी चहा रोजचा आणि कॉफी नैमित्तिक. कोजागरीला, कुणाच्या लग्नाची बोलणी असली म्हणजे, किंवा पाहुणे रात्री उशिरापर्यंत रेंगाळले तर दुधात उकळलेली, भरपूर साखरेची, वर जायफळ किसलेली कॉफी व्हायची. ती प्याल्याने झोप येते की उडते, यावर माझ्या आईचे आणि आत्याचे जन्मभर एकमत झाले नाही. ही कॉफी कुठून येते, हा प्रश्न मात्र आमच्या घरात कुणालाच पडला नव्हता. ती वाण्याकडून येते, एवढे सर्वांना ठाऊक होते आणि तेवढ्यावर सर्वांचे समाधान होते.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो प्रश्न मला पडला. तोही मी होऊन नव्हे. युरोपातल्या सत्तावीस राष्ट्रांनी तो विचारला, म्हणून पडला.

वाचक म्हणतील, "मास्तर, शब्दांच्या व्युत्पत्त्या सोडून हे निर्यातीचे काय काढलेत?" तक्रार रास्त आहे. वर्षभर या पानावर मी शब्दांच्याच कुळकथा सांगत असतो. पण यंदाची हकीकतही एका शब्दाचीच आहे. 'जंगल' हा तो शब्द. त्याची व्याख्या कुणी करायची आणि ती लागू करताना गफलत झाली तर भुर्दंड कुणी सोसायचा, एवढाच या लेखाचा विषय.

आमच्या महाविद्यालयात मराठी विभाग आणि कन्नड विभाग यांच्यामध्ये एक लाकडी फडताळ आहे. महाविद्यालय बेळगावात आहे, एवढे सांगितले म्हणजे त्या फडताळाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. फडताळाच्या पलीकडे बसणारे माझे सहकारी मूळचे कोडगूचे. जुन्या भूगोलात आपण त्याला कुर्ग म्हणून शिकलो. दुपारी त्यांचा डबा अलीकडे येतो, माझा पलीकडे जातो. सीमाप्रश्न आम्ही आमच्यापुरता असा सोडवला आहे.

सोमवारपेठेजवळ त्यांची वडिलोपार्जित सहा एकर कॉफीची बाग आहे. ती त्यांचे थोरले भाऊ पाहतात. गेल्या नाताळच्या सुट्टीत, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये, सहकारी म्हणाले, "सर, चला आमच्याकडे. तोडणी चाललीय. आणि अण्णा जरा घोरात आहे. तुम्ही चार कागद वाचलेला माणूस, त्याला धीर द्या." कागद वाचलेल्या माणसाचा धीर देण्याशी काही संबंध असतो, असा गैरसमज खेड्यापाड्यांत अजून टिकून आहे. मी निघालो.

शनिवारसंते नावाचे गाव मागे टाकून आमची गाडी सोमवारपेठेत शिरली. तासाभरात शनिवारचा सोमवार झाला आणि रविवारची सुट्टी बुडाली, असा एक विनोद मी केला. सहकारी हसले नाहीत. कोडगूत येणारा प्रत्येक मराठी माणूस तो करतो, असे त्यांनी सांगितले.

कॉफीची बाग मी प्रथमच पाहिली. माझी कल्पना होती, द्राक्षाच्या किंवा उसाच्या मळ्यासारखे काहीतरी उन्हात पसरलेले असेल. प्रत्यक्षात आम्ही दाट सावलीत शिरलो. वर सिल्व्हर ओक, फणस, उंबराच्या जातीची प्रचंड झाडे. त्यांच्या बुंध्यांवर चढलेले मिरीचे वेल. आणि त्या छत्राखाली, पुरुषभर उंचीची, लालबुंद फळांनी लगडलेली कॉफीची झुडपे. पायाखाली पानांचा मऊ थर. कुठेतरी ओढ्याचा आवाज. कमरेला पिशव्या बांधलेल्या बायका पिकलेले तेवढे फळ खुडत होत्या. हिरवे ठेवून लाल ओरबाडण्याची त्यांची बोटे इतकी सराईत, की प्रत्येकीला दहाच बोटे आहेत यावर विश्वास बसू नये.

मी सहज म्हणालो, "ही जंगलातली बाग म्हणायची, की बागेतले जंगल?"

अण्णांना सहकाऱ्यांनी ते कन्नडमध्ये सांगितले. अण्णा साठीचे, उंच, मितभाषी. ते म्हणाले, "हेच ते लोक विचारतायत."

ते लोक म्हणजे युरोपीय संघ. प्रकरण असे आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये एक कायदा केला. सात जिनसा त्यात येतात: गुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड, आणि त्यांपासून होणारे गोमांस, चामडे, चॉकलेट, टायर असले कितीतरी पदार्थ. यातली कोणतीही वस्तू युरोपच्या बाजारात आणायची असेल, तर ती ज्या जमिनीत निपजली तिथे ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेले नसावे, आणि ती त्या त्या देशाचे कायदे पाळून पिकवलेली असावी. तसे लेखी निवेदन माल आणणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्याने सरकारला द्यायचे. सोबत जमिनीचे अक्षांश-रेखांश जोडायचे. चार हेक्टरपेक्षा मोठी जमीन असेल तर तिची सगळी हद्द नकाशावर आखून द्यायची; लहान असेल तर एक बिंदू पुरतो. निवेदन खोटे ठरले तर माल जप्त, शिवाय दंड. दंडाची कमाल मर्यादा व्यापाऱ्याच्या युरोपातल्या वार्षिक उलाढालीच्या चार टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येणार नाही, असेही कायद्यातच लिहिले आहे.

हे वाचून कुणी लगेच गोऱ्यांच्या नावाने बोटे मोडू नयेत. मीही आधी तेच केले. मग थोडे वाचले आणि बोटे आवरली. १९९० ते २०२० या तीस वर्षांत जगातले ४२ कोटी हेक्टर जंगल गेले, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. हे क्षेत्र साऱ्या युरोपीय संघापेक्षा मोठे. ही तोड मुख्यत्वे शेतीसाठी झाली. गुरांच्या कुरणांसाठी, सोयाबीनसाठी, पामतेलासाठी. आपण खातो-पितो त्यापायी दूरदेशीचे रान जळते आहे, तर ते थांबवण्याची काही जबाबदारी खाणाऱ्याचीही आहे, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. आपल्याकडे पंगतीत बसणाऱ्याने पानातले अन्न कुणाच्या घासातून काढलेले नाही ना, हे पाहावे असे सांगत आलेच आहेत.

अर्थात थोडे हसूही येते. कोडगूच्या डोंगरांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठे कॉफीचे मळे काढले ते युरोपियनांनीच, आणि ते काढताना पुष्कळ रान साफ केले. त्याचा हिशेब या कायद्यात नाही. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, बाबा बुदन नावाच्या फकिराने येमेनमधून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावले, अशी आख्यायिका आहे. त्या सात दाण्यांबरोबरही कोणते निवेदन नव्हते. पण इतिहासाला कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि युरोपने ती ३१ डिसेंबर २०२० या दिवशी मारली. त्या रात्रीपर्यंत ज्याने जे तोडले ते माफ. दुसऱ्या दिवसापासून कुऱ्हाड उचलली तर गुन्हा.

भारतात पिकणाऱ्या कॉफीचा मोठा भाग परदेशी जातो आणि त्यातला मोठा भाग युरोपात. एकटा इटली हाच आपला सर्वांत मोठा गिऱ्हाईक. म्हणजे युरोपच्या दारावर जो नियम लागेल त्याची कडी सोमवारपेठेत वाजणार, हे ओघानेच आले. बरे, भारताबद्दल युरोपची तक्रार आहे म्हणावे, तर तसेही नाही. मे २०२५ मध्ये त्यांनी देशांची प्रतवारी जाहीर केली. तीत भारत 'कमी जोखमी'च्या वर्गात बसला. वर्ग पहिला मिळाला, पण परीक्षा चुकली नाही. कमी जोखमीच्या देशातल्या मालाची तपासणी थोडी सैल, एवढेच. अक्षांश-रेखांश द्यावेच लागतात. कॉफी बोर्डाने त्यासाठी उत्पादकांच्या नोंदणीचे मोबाइलवरचे ॲपही काढले आहे.

आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. तरुण, बी.कॉम. झालेला, नम्र. दोन वर्षे अण्णांची कॉफी तोच नेत होता. त्याच्या हातात मोबाइल होता आणि बागेच्या कडेकडेने चालत हद्द नोंदवायची होती. सहा एकर म्हणजे चार हेक्टरांच्या आत. कायद्याने एक बिंदू पुरे. पण आमचे साहेब पूर्ण हद्द मागतात, असे तो म्हणाला. कायदा वीतभर मागतो तेव्हा साहेब हातभर मागतात, हे मला नवे नव्हते. आम्हा प्राध्यापकांना आता तास घेऊन भागत नाही. तास घेतला याचा फोटो, त्यावर अक्षांश-रेखांश उमटलेले, फायलीत लावावा लागतो. मी 'जंगल' शब्द वर्गात शिकवला की नाही हे विद्यार्थ्यांना विचारण्याऐवजी उपग्रहाला विचारतात. त्या तरुणाबद्दल मला बंधुभाव वाटला.

अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर निदान सहा आकडे देऊन सांगायचे असतात. सहावा आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे ११ सेंटिमीटर. अर्धी वीत! आणि दाट झाडीखाली मोबाइलला आकाश नीट दिसत नाही. आम्ही उंबराखाली उभे होतो आणि पडद्यावरचा ठिपका कधी ओढ्यात उडी मारी, कधी शेजाऱ्याच्या बागेत जाऊन बसे. अण्णा शांतपणे म्हणाले, "तीस वर्षे शेजाऱ्याशी बांधाचा वाद नव्हता. आता होईल."

हद्द फिरता फिरता आम्ही वरच्या अंगाला आलो आणि तिथे तरुणाचा चेहरा बदलला. तो तुकडा वेगळा दिसत होता. सावलीची झाडे होती, पण विरळ. कॉफीची रोपे लहान, तीन-चार वर्षांची. त्याने मोबाइलवर जुना नकाशा उघडला. २०२० सालच्या उपग्रहचित्रात तिथे गच्च हिरवे होते.

"इथे काय होते?" त्याने विचारले.

अण्णांनी खरे ते सांगितले. वडील २०१२ मध्ये गेले. धाकटा भाऊ बेळगावी मास्तर. मजूर मिळेनात, भाव पडलेले. वरचा तुकडा हातून सुटला. झुडपे माजली, पाखरांनी टाकलेल्या बियांची झाडे उठली, आठ-दहा वर्षांत रान झाले. मग जुलै २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याची थंडी पडून तिथली कॉफी करपली आणि जगभर भाव चढले. अण्णांनी हिय्या करून २०२२ च्या उन्हाळ्यात तो तुकडा साफ केला आणि नवी रोपे लावली. म्हणजे हिशेब पाहा: थंडी ब्राझीलला पडली, कोयता सोमवारपेठेत चालला आणि प्रश्न आता इटलीत निघाला.

"किती जागा आहे ही?"

"सव्वा एकर."

तरुणाने आकडेमोड केली आणि तो गप्प झाला. कायद्यात जंगलाची व्याख्या आहे: अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठी जागा, पाच मीटरपेक्षा उंच झाडे, आणि त्यांच्या छत्राने दहा टक्क्यांपेक्षा अधिक जमीन झाकलेली. अर्धा हेक्टर म्हणजे ५००० चौरस मीटर. सव्वा एकर म्हणजे ५०५८. मधले ५८ चौरस मीटर म्हणजे आमच्या कॉलेजातली एक वर्गखोली. त्या एका खोलीने अण्णांची बाग जंगलाच्या व्याख्येत ढकलली होती.

आता मी शब्दांचा माणूस असल्यामुळे मला राहवले नाही. मी त्यांना सांगितले, की 'जंगल' हा शब्द ज्या 'जांगल'पासून आला, त्याचा संस्कृतातला अर्थ कोरडी, विरळ झाडांची जमीन असा आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत पाणथळ 'आनूप' देशाच्या उलट तो 'जांगल' देश. म्हणजे मुळात जंगल म्हणजे जिथे झाडे दाट नाहीत ते! आपण वापरून वापरून त्याला घनदाट केले. शब्दाचा अर्थ असा कूस बदलतो, तर सव्वा एकराचा का बदलू नये? तरुण आदराने ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, हे साहेबांना इंग्रजीत कसे कळवू?"

त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, की कायदा लिहिणारे अगदीच आंधळे नव्हते. ज्या जमिनीचा वापर प्रामुख्याने शेतीसाठी आहे ती जंगल नव्हे, झाडांच्या सावलीत पीक घेतले तरी ती शेतीच, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. म्हणून कोडगूच्या बागांना कायद्याची भीती नाही. अडचण पुराव्याची. आकाशातून पाहणाऱ्याला छत्र दिसते. छत्राखाली कॉफी आहे की वाघ, हे दिसत नाही. अण्णांची सव्वा एकर २०२० मध्ये 'माजलेली बाग' होती की 'जंगल' होते, हे कोण सांगणार? उताऱ्यावर कॉफीची नोंद होती. पण उतारा अजून वडिलांच्या नावे, आणि त्यावरची पिकाची नोंद वर्षानुवर्षे मागील पानावरून पुढे चालू. त्यावर साहेबांचा विश्वास बसेना.

आणि प्रश्न सव्वा एकराच्या चार पोत्यांचा नव्हता. एका कंटेनरात अठरा-एकोणीस टन कॉफी भरतात. सहा एकरवाला त्यात दोन-तीन टन घालतो. म्हणजे अनेक शेतकऱ्यांचा माल एकत्र होऊनच जहाजावर चढतो. या कायद्यात चांगल्यात संशयास्पद मिसळून चालत नाही. एकाच्या चार पोत्यांवर शंका आली, तर त्यांच्याबरोबर गेलेला सगळा माल दारात उभा राहणार. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात, ते असे. मग चार टक्क्यांच्या दंडाला भिणारा युरोपातला व्यापारी इथल्या निर्यातदाराला दटावतो, निर्यातदार आपल्या माणसाला, आणि तो माणूस अण्णांना. वरून खाली येताना पाण्याचा जोर वाढतो, तसा भीतीचाही वाढतो. मोठ्या मळेवाल्याकडे नकाशे आहेत, कारकून आहेत, वकील आहेत. ज्याने हजारो हेक्टर तोडले तो कदाचित कागद नीटनेटके ठेवून असेल. अण्णांकडे कागद नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण करणाऱ्याने निर्यातीचा धंदा नक्की पाहिला असणार.

दुपारी जेवताना सारे गप्प होते. सहकाऱ्यांची आई पंचाहत्तरीच्या पुढच्या, काठीशिवाय चालणाऱ्या. त्या कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. सहकाऱ्यांनी हळूच भाषांतर केले: "आई म्हणते, यानं सोडली होती ती बाग. मी नव्हती सोडली."

त्या एक वही घेऊन आल्या. लाल कापडी पाठीची, दुकानदार हिशेबाला वापरतात तशी. पती गेल्यावर दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत त्या दोन बायांना घेऊन त्या माजलेल्या तुकड्यात जात आणि झुडपांत अडकलेल्या जुन्या कॉफीची मिळेल तेवढी फळे काढून आणत. विकायला नव्हे, घरच्या वर्षाच्या कॉफीपुरती. त्या दोघींच्या मजुरीचा हिशेब वहीत होता. तारीख, नावे, किती डबे, किती रुपये. वरच्या बाजूला ठळक अक्षरांत 'मेलिन तोट', म्हणजे वरची बाग. २०१३ पासून २०२१ पर्यंत एकही हंगाम चुकलेला नाही. डिसेंबर २०२० चे पान सहकाऱ्यांनी वाचून दाखवले: तीन दिवस, सहा मजुऱ्या, अकरा डबे. युरोपने ज्या महिन्याच्या अखेरीस रेघ मारली, त्या महिन्यात ही बाई त्या 'जंगला'त कॉफी तोडत होती.

मी आजवर अनेक हस्तलिखिते पाहिली आहेत. त्यांच्यावर लेख लिहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर ते कुणी वाचलेले नाहीत. पण एखाद्या पोथीवर साऱ्या घराची वर्षाची मिळकत टांगलेली मी पाहिली नव्हती. तरुणाने एकेका पानाचा फोटो घेतला. मग आम्ही सगळे पुन्हा वर गेलो आणि रोपांच्या ओळींत वाकून जुन्या झाडांचे खुंट शोधले. सापडले. छाटलेले, काही मेलेले, काहींना फुटवे आलेले. त्यांचेही फोटो निघाले. अक्षांश-रेखांशासह.

संध्याकाळी तरुणाला मोबाइलवर बातमी आली. कायद्याची अंमलबजावणी पुढे गेली. मुळात ती ३० डिसेंबर २०२४ ला व्हायची होती. मग एक वर्ष पुढे ढकलली. आणि आता पुन्हा एक वर्ष. मोठ्या व मध्यम व्यापाऱ्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि लहानांसाठी ३० जून २०२७ असे ठरले. छापील पुस्तके आणि वर्तमानपत्रे यादीतून वगळली, अशीही बातमी होती. तेव्हा हा दिवाळी अंक युरोपातल्या मराठी मंडळींना पाठवायला हरकत नाही. त्याचा कागद कोणत्या रानातला, असे कुणी विचारणार नाही.

मला वाटले, अण्णांना आनंद होईल. त्यांनी मान हलवली. "परीक्षा पुढे गेली म्हणून अभ्यास सुटतो काय, सर?" तरुणानेही तेच सांगितले, साहेबांना कागद आत्ताच हवे आहेत. ज्यांनी दोन वर्षे धावपळ करून कागद जमवले त्यांना शाबासकी नाही, आणि जे स्वस्थ बसले त्यांना मुदतवाढ. पुढे ढकलण्यात दया असते असे आपल्याला वाटते. पण ज्याने तयारी केली त्याच्यावर तो दंडच असतो.

खरी गोष्ट मात्र मला चौथ्या दिवशी सकाळी कळली, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

झुंजूमुंजू झाले होते. मागच्या अंगणात वाळत घातलेल्या कॉफीवर दव पडू नये म्हणून घातलेली ताडपत्री निघायची होती. ओढ्याच्या बाजूने कोयत्याचा आवाज येत होता. जाऊन पाहिले, तर अण्णा दोन गडी लावून ओढ्याकाठची झुडपे तोडत होते. तिथे काही पीक नव्हते. पाच-सहा वर्षांत आपोआप उठलेले रान होते. जांभळीची पोरे, बांबूचे एक बेट, नावे मला ठाऊक नाहीत अशी खूप काही. आदल्या दिवशी तिथेच मी एक खंड्या पाहिला होता.

"हे का तोडताय?" मी मोडक्या कन्नडात विचारले.

अण्णांनी मोबाइलवर चढवलेल्या हद्दीची रेघ हवेत काढून दाखवली. ही जागा रेघेच्या आत येत होती. ते म्हणाले, "आज झुडूप आहे. दहा वर्षांनी झाड होईल. मग ते जंगल ठरेल. मग माझ्या पोराला इथे कधी काही लावायचे झाले, तर त्याच्याकडे आईची वही असेल काय?"

मला उत्तर सुचले नाही. जंगल वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याच्या भीतीने एक भला माणूस जंगल होऊ पाहणारी जागा साफ करत होता. पिढ्यान् पिढ्या त्या घराने ओढ्याकाठाला हात लावला नव्हता. कुणी सांगितले म्हणून नव्हे, लावायचा नसतो म्हणून. याच कोडगूत बाराशेच्या वर देवरकाडु आहेत, आपल्या कोकणातल्या देवरायांसारख्या. तिथे कुणी अक्षांश-रेखांश मोजायला जात नाही आणि काडीही कुणी उचलत नाही. तिथे राखण भीतीचीच आहे, असे कुणी म्हणेल. असेल. पण ती भीती 'तोडशील तर' अशी आहे. अण्णांच्या मनात शिरलेली भीती 'वाढू देशील तर' अशी होती. दोन्ही भीतींत केवढे अंतर!

कायदा रद्द करा, असे मी म्हणणार नाही. ॲमेझॉनमध्ये जे जळाले ते कुणीतरी विचारायलाच हवे होते. पण पुरावा ही वस्तू फुकट तयार होत नाही. ती तयार करायला वेळ लागतो, पैसा लागतो, लिहिता-वाचता माणूस लागतो. कॉफी पिणाऱ्याला जर निर्मळ कॉफी हवी असेल, तर तिच्या पुराव्याचा खर्च कपाच्या किमतीत धरला पाहिजे. तो फळ खुडणाऱ्या हातावर लादून चालणार नाही. निर्यातदारांनी, बोर्डाने, गावच्या सहकारी संस्थांनी एकेका शेतकऱ्याचे उतारे त्याच्या नावावर करून देण्यापासून सुरुवात करावी. आणि ज्याने स्वतःच्या जमिनीत रान उठू दिले, त्याला कुणीतरी लेखी सांगावे, की बाबा, याची तुला शिक्षा होणार नाही. एवढा एक कागद अण्णांच्या हातात असता, तर त्या सकाळी कोयता चालला नसता.

वहीचे पुढे काय झाले, हे वाचकांना हवे असेल. फेब्रुवारीत सहकाऱ्यांनी डबा खाताना सांगितले. साहेबांनी वही 'विचारात घेतली'. खालच्या बागेची कॉफी मान्य झाली. वरच्या बागेची चार पोती यंदापुरती वेगळी ठेवा, असा निरोप आला. त्यांच्यावर खडूने फुली मारून ती गावातल्या व्यापाऱ्याला थोडी उतरत्या भावाने दिली. तो काही विचारत नाही. ती कॉफी देशातच खपते. तुमच्या-माझ्या वाण्याकडे येते.

निघताना आईंनी मला अर्धा किलो पूड बांधून दिली होती. वरच्या बागेची, त्यांच्या नेहमीच्या वर्षाच्या साठ्यातली. घरी मी ती दुधात उकळली, साखर घातली, वर जायफळ किसले. असे केल्याचे कोडगूत कळले तर माझी पुन्हा तिथे जायची सोय राहणार नाही. कॉफी उत्तम झाली होती. बायको म्हणाली, "कुठली ही?" आमच्या घरात हा प्रश्न प्रथमच कुणी विचारला होता.

मी सांगायला बसलो. झोप उडाली ती कॉफीने की त्या कोयत्याच्या आवाजाने, हे मात्र आईचे आणि आत्याचे दोघींचे म्हणणे आठवूनही मला ठरवता आले नाही.